श्रवण, अर्थ आणि उपासना : मराठीतील बायबल-अध्ययनाच्या काही वाटा

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार आपल्या वाङ्मयेतिहासांत बहुधा दोन प्रश्नांच्या अनुषंगाने होत आला आहे. पहिला प्रश्न भाषेचा : अमुक ग्रंथाची मराठी कितपत सरळ, कितपत मिशनरी वळणाची, कितपत देशी. दुसरा प्रश्न प्रचाराचा : ग्रंथ कोणाला धर्मांतरित करण्यासाठी लिहिला गेला आणि त्यात तो कितपत यशस्वी झाला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु जे लोक आधीच ख्रिस्ती झालेले होते, ज्यांच्या घरात व प्रार्थनामंदिरात हे ग्रंथ वाचले गेले, ऐकले गेले, गाइले गेले, त्यांनी या ग्रंथांचे काय केले, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला, तर असे आढळते की मराठीतील कित्येक ख्रिस्ती ग्रंथ हे वस्तुतः बायबलच्या अध्ययनाच्या पद्धती आहेत, आणि प्रत्येक पद्धतीमागे श्रद्धा कशाने वाढते याविषयीची एक निश्चित भूमिका आहे. या भूमिका एकमेकींशी जुळत नाहीत. त्यांच्यातील मतभेद हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अभ्यासाने भक्ती आटते, असा एक समज सर्वच धर्मसमाजांत आढळतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील ऐतिहासिक चिकित्सेने बायबलच्या ग्रंथांचे कर्तृत्व, काल व थर यांविषयी प्रश्न उपस्थित केले, तेव्हा या समजाला अधिकच बळ मिळाले. खुद्द बायबलची साक्ष मात्र वेगळी आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचतो. श्रोत्यांत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि ज्यांना समजू शकेल असे इतर सर्व आहेत. लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ उलगडून सांगतात. मूळ इब्री भाषा पिढ्यान्‌पिढ्यांच्या परदेशवासामुळे अनेकांना दुरावली होती आणि लेवी अरामी भाषेत तिचा अर्थ सांगत असावेत, असा पुष्कळ अभ्यासकांचा तर्क आहे. अर्थ कळल्यावर लोक रडू लागतात. त्यांना सांगितले जाते की रडू नका, जेवा, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटा पाठवा.

याच प्रसंगाचा उत्तरार्ध सहसा दुर्लक्षिला जातो. दुसऱ्या दिवशी कुलप्रमुख, याजक व लेवी पुन्हा एज्राभोवती जमतात. या वेळी ऐकण्यासाठी नव्हे, अभ्यासासाठी. त्या अभ्यासात त्यांना मांडवांच्या सणाचा विधी लिहिलेला सापडतो. मग लोक डोंगरावर जातात, जैतुनाच्या, मेंदीच्या व खजुरीच्या फांद्या आणतात आणि घरांच्या धाब्यांवर, अंगणांत व चौकांत मांडव घालतात. विसरलेली उपासना ग्रंथाच्या अभ्यासातून परत मिळाली. येथे अध्ययन आणि उपासना यांच्यामध्ये एका रात्रीचे अंतर आहे.

पहिल्या स्तोत्रात नीतिमान मनुष्य रात्रंदिवस परमेश्वराच्या नियमशास्त्राचे मनन करतो, असा आशय आहे. तेथील ‘हागा’ या इब्री क्रियापदाचा मूळ अर्थ मनातल्या मनात विचार करणे असा नाही. यशयाच्या पुस्तकात सिंहाच्या गुरगुरण्यासाठी हेच क्रियापद येते, आणि पारव्याच्या घुमण्यासाठीही. म्हणजे पुटपुटणे, घोळवणे, हळू आवाजात पुन:पुन्हा म्हणणे. मराठीत ‘मनन’ म्हटले की आवाज नाहीसा होतो. ‘जप’ म्हटले तर अर्थ मागे पडतो. जुना ‘स्वाध्याय’ हा शब्द जवळचा होता, कारण वेदाचे स्वतः केलेले पठण असाच त्याचा अर्थ; पण आमच्या क्रमिक पुस्तकांनी धड्याखालच्या प्रश्नांना स्वाध्याय म्हणण्यास सुरुवात केली आणि तो शब्द हातचा गेला. युरोपातील मठांत बाराव्या शतकात दुसऱ्या गीगोने वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी वर्णिली. श्रवण, मनन व निदिध्यासन या आपल्या परिचित त्रयीशी तिचे साम्य उघड आहे. मात्र आपल्या त्रयीची पहिली पायरी कानाची आहे, डोळ्यांची नाही, आणि मराठी बायबल-अध्ययनाचा इतिहासही कानापासूनच सुरू होतो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास पोचला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचे भाषांतर नव्हे. त्या काळी कॅथलिक चर्चमध्ये देशी भाषांतील बायबल सामान्य श्रद्धावंताच्या हाती देण्याची प्रथा नव्हती, आणि मिस्साविधी लॅटिनमध्ये होत असे. साष्टीतील नवख्रिस्ती माणसाची अवस्था अशी की जुनी पुराणे सुटली होती आणि नवा ग्रंथ परक्या भाषेत बंद होता. पूर्वीच्या पुराणांच्या जागी आम्हांला काही द्या, ही श्रोत्यांची मागणीच ग्रंथाचे निमित्त म्हणून स्टीफन्सने नोंदविली आहे. गद्य प्रस्तावनेत तो सांगतो की परमेश्वराच्या गोष्टी निरूपण करण्यास मराठी योग्य वाटली. पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही हे पाहून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजे आज आपण जिला कोकणी म्हणतो तिच्यातील, सोपे शब्द मिसळले.

या विधानाचा उल्लेख भाषेच्या अभ्यासकांनी अनेकदा केला आहे. उपासनेच्या दृष्टीने मात्र त्यात अधिक काही आहे. ग्रंथ ‘फळ’ देतो ही पुराणांची जुनी फलश्रुती. स्टीफन्सने ती अर्थबोधाशी बांधली. श्रोत्याला कळल्यावाचून फळ नाही. शिवाय ग्रंथाची रचना संवादाची आहे. श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. रविवारी व सणावारी चर्चमध्ये हे पुराण वाचले जाई तेव्हा त्या शंकांच्या रूपाने श्रोत्याला आपलाच आवाज ऐकू येत असला पाहिजे. ज्याने नुकताच लॅटिनमधील विधी पाहिला, त्याला त्या विधीमागची कथा आपल्या ओवीत मिळत होती. पोर्तुगीज शासनाने १६८४ साली देशी भाषांविरुद्ध हुकूम काढल्यानंतरही ग्रंथ टिकला, तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी या पोथ्या बरोबर नेल्या, आणि १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून जी आवृत्ती काढली तिला हाच आधार होता. छापील मूळ प्रत आज एकही उपलब्ध नाही. ग्रंथ मुद्रणाने जन्मला आणि पोथीने जगला, हा उलटा प्रवास आपल्या मुद्रणेतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

स्टीफन्सने स्वर्गाला वैकुंठ म्हटले. ‘पुराण’ हे नावही घेतले. ऐकणाऱ्याच्या कानाला जे वळण आहे त्या वळणानेच नवी कथा आत जाईल, ही त्याची धारणा. या धारणेला सर्वांत कठोर उत्तर दिले ते एका पुराणिकाच्या मुलीने.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे बालपण पुराणश्रवणातच गेले, पण वक्त्याच्या बाजूने. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून हिंडे, देवळांच्या आवारात संस्कृत पुराणे वाची आणि श्रोत्यांच्या दक्षिणेवर निर्वाह करी. १९०७ सालच्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या व्यवसायाचे वर्णन केले आहे. त्यांचा रोख असा की श्रोत्यांना संस्कृत कळत नसे आणि कळावे अशी अपेक्षाही नसे. पवित्र ध्वनी कानावर पडणे हेच पुण्य. हा तपशील लक्षात ठेवल्यावाचून त्यांच्या बायबल-भाषांतराचा हट्ट समजत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही पुढे कित्येक वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या त्याच साक्षीत नमूद करतात. म्हणजे मतांचा स्वीकार पुरेसा ठरला नाही, विधींचाही नाही. त्यानंतरच्या काळात त्यांचे जीवन अधिकाधिक ग्रंथाभोवती गोळा होत गेले.

केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हाती घेतलेले भाषांतर हे मराठीतील पहिले नव्हते. सेरामपूरच्या विल्यम केरी यांचा मराठी नवा करार १८११ साली निघाला होता. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ साली. पुढे संपूर्ण बायबलही सिद्ध झाले आणि त्याच्या सुधारणा चालू होत्या. रमाबाईंचा आक्षेप असा की प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईला ते कळत नाही, आणि त्यातील अनेक शब्द जुन्या धर्मकल्पनांनी भारलेले आहेत. त्यासाठी त्या इब्री व ग्रीक शिकल्या. वयाच्या पंचेचाळिशीनंतर, शेकडो स्त्रियांच्या संस्थेचा भार वाहत असताना. मुक्तिसदनातील स्त्रिया खिळे जुळवीत, छापीत, बांधणी करीत. आकाल, वैधव्य किंवा निराधारपण यांतून आलेल्या ज्या मुलीला काही वर्षांपूर्वी अक्षर माहीत नव्हते, तिच्या हातून एकेक खिळा उचलून ग्रंथ उभा राहत होता. हाही अध्ययनाचाच एक प्रकार म्हटला पाहिजे. खिळे जुळविणारा वाचक ओळ उडवून पुढे जाऊ शकत नाही. भाषांतराचे काम संपवूनच रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

हे भाषांतर मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने फसले आहे, असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे, आणि ते खोडून काढणे कठीण आहे. वाक्ये अडखळतात, मुळाशी घट्ट राहण्याच्या आग्रहाने मराठीचा ओघ तुटतो. परंतु त्याचे मूल्यमापन वाङ्मयकृती म्हणून करणे हीच गफलत आहे. ते अध्ययनाचे साधन म्हणून घडविले गेले. ज्या स्त्रीला इब्री येणार नाही, जिच्याजवळ भाष्यग्रंथ असणार नाहीत, तिला मुळाच्या शक्य तितके निकट नेऊन बसविणे, हा त्याचा हेतू. ओघवती मराठी तिला पुन्हा श्रवणसुखात नेऊन सोडील, ही पुराणिकाच्या मुलीची भीती मला त्या अडखळत्या वाक्यांच्या मागे दिसते.

शब्दांची ही अडचण किती खोल आहे, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येणाऱ्या ‘लोगोस’ला मराठीत ‘शब्द’ म्हणतात. सुशिक्षित मराठी वाचकाला लगेच शब्दब्रह्म आठवते, ज्ञानेश्वरीच्या आरंभीचे वेदस्वरूप गणेशाचे रूपक आठवते, आणि तो तत्त्वज्ञानाच्या वाटेला लागतो. परंतु योहानाच्या ग्रीक शब्दामागे इब्री ‘दाबार’ उभा आहे, आणि त्याचा अर्थ उच्चार आणि घडलेली गोष्ट असा दुहेरी आहे. याला जवळचे मराठी शब्दब्रह्मात सापडत नाही. ते बाजारात आणि सोयरिकीच्या बैठकीत सापडते. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, कोणासाठी शब्द टाकतो, एखाद्याचा शब्द खाली पडू देत नाही. या वाक्प्रचारांतील ‘शब्द’ ही कृती आहे, वचन आहे. माणसाने दिलेला शब्द पाळण्यासाठी त्याला स्वतः यावे लागते. खेड्यातल्या अशिक्षित श्रोत्याला हा अर्थ पंडितापेक्षा आधी कळण्याचा संभव आहे.

दुसरे उदाहरण अधिक अवघड. त्याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू रात्री भेटीस आलेल्या निकदेमाशी बोलतो. तेथील सारा श्लेष ‘प्न्युमा’ या ग्रीक शब्दावर आहे : तोच वारा, तोच आत्मा. मराठीत ‘वारा’ आणि ‘आत्मा’ हे दोन शब्द वापरावे लागतात आणि श्लेष नाहीसा होतो. गंमत अशी की मराठीत वारा व आत्मिक शक्ती यांना एकत्र आणणारा प्रयोग अस्तित्वात आहे. अंगात येण्याला खेड्यापाड्यांत ‘वारे येणे’ म्हणतात. पण तो प्रयोग देवऋषी आणि जत्रा यांच्या जगातला. कोणताही भाषांतरकार त्याला हात लावणार नाही, आणि ते योग्यच. उरतो ‘आत्मा’, तर तो वेदान्ताने आधीच व्यापलेला. १९०५ साली मुक्तिसदनात जे आत्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात शेकडो स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, थरथरत. केडगावच्या शेजारच्या माणसाला ते पाहून कोणता शब्द आठवला असेल याची कल्पना करता येते. भाषांतराचे कामही याच सुमारास सुरू झाले, हे विसरू नये. उत्कट उपासना आणि व्याकरणाची कठोर तालीम एकाच अंगणात चालू होत्या.

रमाबाईंना समकालीन असलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नेमक्या उलट दिशेने गेले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या उपासनागीतांनी मराठी प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिराचा आवाजच बदलला; तोवर तेथे इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते अधिक असत. परंतु बायबल-अध्ययनाच्या दृष्टीने त्यांच्या गीतांहूनही ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा महत्त्वाची आहे. ती त्यांच्या आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ती रुजविली आणि टिळकांनी ती पुढे नेली.

कीर्तनाला पूर्वरंग व उत्तररंग असतात. पूर्वरंगात एका पदाच्या वा वचनाच्या आधारे निरूपण, उत्तररंगात आख्यान. बायबलचे कीर्तन करावयाचे तर कोणत्या वचनाला कोणते आख्यान जोडावयाचे, हे आधी ठरवावे लागते, आणि ही जोडणी हेच भाष्य होय. उधळ्या पुत्राची कथा अनुतापाच्या वचनाखाली घेतली तर धाकटा मुलगा नायक होतो. पित्याच्या कृपेवरील वचनाखाली घेतली तर पिता. आणि नियम पाळणाऱ्यांच्या कोरडेपणावरील वचन पूर्वरंगात घेतले, तर अंगणाबाहेर रुसून उभा राहिलेला थोरला भाऊ साऱ्या श्रोतृसमुदायाच्या डोळ्यांपुढे येतो. श्रोता मध्येच गजर करतो, पद उचलतो, टाळ वाजवतो. अर्थ आधी आणि उपासना नंतर, असा क्रम येथे उरत नाही.

या परंपरेची खरी फलश्रुती मला लक्ष्मीबाई टिळकांत दिसते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राला आरंभ केला, पण थोडेच अध्याय लिहून ते गेले. उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी (१८६८–१९३६) रचला आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, अक्षरओळखही पतीच्या लहरीनुसार तुकड्यातुकड्यांनी झाली, त्या बाईने शुभवर्तमानाची कथा ऐकून, सांगून, संसारात वागवून इतकी आत्मसात केली की ती ओवीतून वाहू लागली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ‘ख्रिस्तायन’ची सहसा आठवणही नसते, ही आपल्या समीक्षेची एकांगिता आहे.

असे असले तरी कीर्तनाच्या वाटेवर एक धोका आहे, आणि तो नजरेआड करता येत नाही. परिचित चालीत आणि परिचित भक्तिभावात बायबल इतके घरचे होते की त्याची धार बोथट होण्याचा संभव असतो. शत्रूवर प्रीती करा, असलेले विकून टाका, ही वचने टाळांच्या गजरात गोड लागतात. रमाबाईंचे अडखळते वाक्य तेथे वाचकाला थांबविते. म्हणूनच या दोन वाटांपैकी एक निवडावयाची झाल्यास अभ्यासकाने घाई करू नये, असे वाटते. इतर भारतीय भाषांतही हा तिढा आहे. मलयाळमात अर्णोस पादरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन जेझुइटाची ‘पुत्तनपाना’ केरळातील ख्रिस्ती घरांत उपवासकाळात व पवित्र सप्ताहात गाइली जाते. तंजावरच्या मराठा दरबाराच्या छायेत वेदनायगम शास्त्रियार (१७७४–१८६४) यांनी तमिळमध्ये बायबलची कथा कुरवंजीच्या लोकनाट्यरूपात आणली. या परंपरांची तुलना मराठीशी करण्याचे काम मोठे आहे आणि त्याला स्वतंत्र लेख हवा.

कॅथलिक बाजूला परिस्थिती पालटली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्राने देशी भाषांना उपासनेचे दार उघडले आणि १८ नोव्हेंबर १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरील घोषणापत्राने सर्व श्रद्धावंतांनी बायबल वाचावे असा आग्रह धरला, तोही वाचनाला प्रार्थनेची जोड असावी या अटीवर. वसईच्या ख्रिस्ती समाजात घरची बोली सामवेदी किंवा वाडवळी, आणि चर्चमधील मराठी प्रमाण. स्टीफन्ससमोर होता तोच प्रश्न, फक्त साडेतीन शतकांनंतर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ या परिसरातून आले. २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्याची मराठी वाचकाला अडवीत नाही, आणि ज्याने कधी चर्चची पायरी चढली नाही असा वाचकही तिच्यापाशी रमतो. रमाबाईंना हे पटले असते की नाही, याविषयी मला शंका आहे.

नव्या उपासनाक्रमात पहिल्या वाचनानंतर प्रतिसादस्तोत्र येते. गायक एकेक कडवे म्हणतो आणि सारा समुदाय एकच ओळ परत परत उचलतो. अभंगातील ध्रुपदाची सवय असलेल्या मराठी माणसाला हे शिकवावे लागले नाही. ती ओळ वाचनक्रमाने नेमून दिलेली असते. परंतु तिची मराठी शब्दयोजना, तिची चाल आणि तिच्यातील कोणत्या शब्दावर सम यावी, हे गावच्या गायकवृंदाच्या हाती असते. समेवर ‘दया’ आली की ‘आम्ही’ आला, यावरून त्या रविवारी त्या गावाने ते स्तोत्र कसे वाचले हे ठरते.